आमच्या शाळेच्या फाईली कोठे ठेवाव्यात?

या भित्तिपत्रकात मागील खेपेस पक्ष्यांच्या घरट्यांची माहिती आली होती. या खेपेस गुरुजींनी मला संगणकावर लिहायला सांगितले. मलाच का सांगितले, ते आधी कबूल करतो, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळा.

आपल्या संगणक खोलीत बारा संगणक आहेत आणि कोपऱ्यात टेबलाखाली एक तेरावा आहे. त्याला सर्व्हर म्हणतात. तो काही फार मोठा यंत्रराज नाही, जुनाच संगणक आहे. पण बाकीचे बारा जण त्याच्याशी वायरीने जोडलेले आहेत आणि आपण जे काही करतो, म्हणजे चित्रे, निबंध, सहलीचे फोटो, गुरुजींचे निकालपत्रक, ते सगळे त्याच्या पोटात जाऊन बसते. म्हणजे तो शाळेचं कपाट आहे असं समजा. बारा दारं असलेलं कपाट.

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या वर्गाने घरोघर जाऊन आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित केल्या. नऊ आज्या, एक्केचाळीस ओव्या. वरच्या आळीतल्या आजींना तर जातं पाहिल्याशिवाय ओवी सुचेना, म्हणून आम्ही पोरांनी माळ्यावरचं जातं खाली काढलं. त्या सगळ्या ओव्या सर्व्हरवर एका कप्प्यात ठेवल्या होत्या. जानेवारीत मी जागा मोकळी करायला म्हणून जुने खेळ पुसत होतो. त्यात तो कप्पाही पुसला. "खात्री आहे का?" असं संगणकानं विचारलं होतं. मी "हो" दाबलं. तो प्रत्येक वेळी विचारतोच, म्हणून मी वाचलंच नाही.

गुरुजी म्हणाले, घाबरू नकोस, आपल्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप लिहिलं जातं. मला हायसं वाटलं. पाहतो तर दुसऱ्या डिस्कवरूनही ओव्या गेलेल्या! त्या दिवशी मी जेवलो नाही.

आता हे का झालं ते सांगतो, कारण मोठ्या माणसांचीही इथेच फसगत होते. दोन डिस्क एकमेकींचा आरसा असतात. आरशासमोर तुम्ही टोपी घातली की आरशातलाही घालतो, आणि तुम्ही टोपी फेकली की तोही फेकतो. एक डिस्क बिघडली तर दुसरी कामाला येते, तेवढ्यापुरता आरसा फार चांगला. पण आपण चूक केली तर आरसा तीच चूक करतो, आणि तीही त्याच क्षणी. म्हणून आरसा म्हणजे राखीव प्रत नव्हे. राखीव प्रत म्हणजे कालची, परवाची, गेल्या महिन्याची प्रत, जिला आजची चूक ठाऊकच नाही. तिला इंग्रजी शब्दाने बॅकअप म्हणतात. आमच्या घरी चुलते लाईट गेल्यावर चालणाऱ्या इन्व्हर्टरलाही बॅकअप म्हणतात, म्हणून गोंधळ होऊ नये यासाठी मी राखीव प्रतच लिहीन.

शिक्षा म्हणून गुरुजींनी मला छड्या दिल्या नाहीत. मला आणि आणखी तिघांना एक काम दिलं. शाळेच्या फाईलींची राखीव प्रत कशी ठेवायची ते तुम्हीच शोधून काढा, शाळा व्यवस्थापन समितीपुढे सांगा, आणि पटलं तर समिती पैसे देईल. आणि एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ते आम्हाला बसने पुण्याला घेऊन गेले.

सगळ्यात आधी आम्ही नारायण पेठेत माझ्या आजीच्या थोरल्या भावाकडे गेलो. आम्ही त्यांना दादाआजोबा म्हणतो. ते आपल्याच शाळेत शिकले, आणि पुढे कामाला पुण्यात गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, खालचं खडकवासल्याचंही फुटलं, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. दादाआजोबा तेव्हा एकवीस वर्षांचे होते. ते गच्चीवर चढून वाचले, पण खालच्या खोलीतली पत्र्याची ट्रंक गेली. तिच्यात त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला होता. पाणी ओसरल्यावर गल्लीत गुडघाभर चिखल, आणि त्या चिखलात लोक आपापले कागद शोधत होते, असं ते सांगतात. जन्मतारखेचा पुरावा नाही म्हणजे नोकरी अडली.

मग काय केलं? ते गावी आले. तेव्हा जिल्हा परिषद नव्हती, ती पुढे १ मे १९६२ रोजी आली. पण शाळा होती आणि शाळेचं जनरल रजिस्टर होतं. हेडमास्तरांनी रजिस्टर काढलं, त्यांचं नाव सापडलं, जन्मतारीख सापडली आणि दाखल्याची दुसरी प्रत मिळाली. दादाआजोबा म्हणाले, "एक पुण्यात बुडाला, पण मूळ गावात कोरडं होतं. दोन्ही पुण्यात असतं तर मी काय केलं असतं?"

गुरुजींनी आमच्याकडे पाहिलं. आमच्या वहीतला पहिला नियम तिथंच लिहिला गेला: दुसरी प्रत दुसऱ्या गावात.

मग आम्ही लॉ कॉलेज रस्त्याला गेलो. तिथे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था आहे. ती ६ जुलै १९१७ रोजी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या नावाने स्थापन झाली. आम्ही आधी परवानगी काढली नव्हती, म्हणून आतल्या पोथ्या काही पाहायला मिळाल्या नाहीत. पण झाडाखाली बसून गुरुजींनी जे सांगितलं ते माझ्या अजून डोक्यात आहे. या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. १९१९ साली काम सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. सत्तेचाळीस वर्षं! त्यासाठी देशभरातून १२५९ हस्तलिखितं तपासली. कोणी काश्मीरची शारदा लिपीतली, कोणी बंगाली, कोणी तेलुगू, कोणी मल्याळम. जुन्या काळी छापखाने नव्हते, लोक हाताने नकला करत. नक्कल करणाऱ्याची एक ओळ सुटली, किंवा त्याने पदरचा एक श्लोक घातला, की त्याच्यावरून नक्कल करणारा पुढचा माणूसही ती चूक करी. चूक अशी पोथीपोथीतून चालत जाई. अगदी आपल्या आरशासारखी!

मग खरा पाठ कसा शोधला? पोथ्या अनेक ठिकाणी होत्या आणि वेगवेगळ्या काळच्या होत्या म्हणून. एका प्रांतातल्या पोथ्यांत एखादा श्लोक आहे आणि दूरच्या, जुन्या पोथ्यांत तो नाहीच, म्हणजे तो मागाहून आला असावा. पंडितांनी असे पाठ ताडून पाहिले. एकच नवी कोरी प्रत ठेवून बाकीच्या जाळल्या असत्या तर ताडायला काहीच उरलं नसतं. म्हणून दुसरा नियम: नवी प्रत केली म्हणून जुनी लगेच पुसायची नाही.

त्याच भागात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ सालचं. पूर्वी सिनेमाच्या फिती नायट्रेट नावाच्या पदार्थाच्या असत आणि तो भडकन पेटतो. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच साठवलेल्या अशा जुन्या फितींना आग लागली आणि कितीतरी फिती जळाल्या. ज्यांच्या प्रती दुसऱ्या, न पेटणाऱ्या फितीवर उतरवल्या होत्या त्या वाचल्या. म्हणजे प्रत नुसती दुसऱ्या जागी असून भागत नाही, ती दुसऱ्या जातीच्या वस्तूवर असावी. गुरुजी म्हणाले, हेच तीन गोष्टी मिळून परदेशी लोक तीन-दोन-एक म्हणतात. प्रती तीन, वस्तू दोन प्रकारच्या, आणि एक प्रत घराबाहेर. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने हे सूत्र लोकांत रूढ केलं. आम्हाला ते दादाआजोबांनी आधीच सांगितलं होतं, फक्त आकडे न घालता.

संध्याकाळी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. तिथे वायरी, दिवे, स्पीकर, संगणकाचे भाग यांची इतकी दुकानं आहेत की चालायला जागा नाही. आमच्यातला एक जण तर दोनदा हरवला. एका दुकानदाराने आम्हाला पेनड्राइव्ह दाखवला, एकाने मोठी पेटी दाखवली जिच्यात चार डिस्क बसतात. ती पाहून आम्हाला वाटलं की हीच घ्यावी, दिसायला रुबाबदार होती. पण किंमत ऐकून गुरुजींनी ती हळूच परत ठेवली. शिवाय ती शाळेतच राहणार, सर्व्हरच्या शेजारीच. चोर आला, शॉर्टसर्किट झालं, पत्रा गळला, की दोन्ही एकदमच जायचे. पेनड्राइव्ह स्वस्त, पण तो खिशात राहतो आणि खिसा धुवायला जातो. माझ्या बहिणीचा असा एक पेनड्राइव्ह धुण्यात निघाला आहे.

राहिलं क्लाउड. म्हणजे आपल्या फाईली इंटरनेटवरून दूर कुठेतरी मोठ्या कंपनीच्या संगणकात ठेवायच्या. जागा दूर, हे चांगलं. पण आम्ही गणित मांडलं, ते इथे देतो, कारण सहावीच्या मुलांना काळ-काम-वेग आहे.

आपल्या सर्व्हरवर १८० गीगाबाईट सामान आहे, म्हणजे १,८०,००० मेगाबाईट. आपल्या शाळेचं नेट वर पाठवताना सेकंदाला २ मेगाबिट देतं. आठ बिटांचा एक बाईट, म्हणून सेकंदाला पाव मेगाबाईट. म्हणजे १,८०,००० ला चारने गुणायचं, ७,२०,००० सेकंद झाले. याचे तास २००. दिवस आठ आणि वर आठ तास. आणि हे सुद्धा मध्ये एकदाही लाईट गेली नाही तर! आपल्या गावात आठ दिवस लाईट न जाणं हे महाभारतातही घडलं नसेल.

उलट बाहेरून लावायची डिस्क आमच्या जुन्या सर्व्हरला लावून दुकानदाराने नव्हे, आम्हीच नंतर मोजली. सेकंदाला ३० मेगाबाईट. १,८०,००० भागिले ३० म्हणजे ६००० सेकंद, म्हणजे १ तास ४० मिनिटं. मधल्या सुट्टीला लावली तर शाळा सुटायच्या आत काम होतं.

म्हणून आम्ही समितीपुढे असं सांगितलं की बाहेरून लावायच्या, एक टेराबाईटच्या दोन डिस्क घ्याव्यात. एकीचं नाव अ, दुसरीचं ब. एका शनिवारी अ लावायची, पुढच्या शनिवारी ब. जी लावलेली नाही ती शाळेत ठेवायचीच नाही.

समितीतल्या एका काकांनी विचारलं, की एकच डिस्क कायमची लावून ठेवली आणि संगणकालाच रोज प्रत करायला सांगितलं तर? रोज आठवण ठेवायला नको. प्रश्न बरोबर होता आणि मला उत्तर येत नव्हतं. माझ्या मैत्रिणीने सांगितलं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा एक विषाणू दीडशेच्या आसपास देशांत पसरला. तो संगणकातल्या फाईलींना कुलूप लावी आणि किल्लीसाठी खंडणी मागे. इंग्लंडातल्या सरकारी दवाखान्यांची कामं त्यामुळे अडली. असे विषाणू अजूनही येतात, आणि संगणकाला त्या वेळी जे जे जोडलेलं असेल त्या सगळ्याला ते कुलूप लावू शकतात. डिस्क काढून कपाटात ठेवलेली असेल तर तिला कसं लावतील? काका म्हणाले, "बरोबर, दार उघडं ठेवून तिजोरी घेण्यात काय अर्थ." समितीने दोन्ही डिस्क मंजूर केल्या.

प्रत करायला आम्ही आरसिंक नावाचा प्रोग्राम वापरतो. तो फुकट मिळतो आणि १९९६ सालापासून आहे, म्हणजे आमच्या सगळ्यांपेक्षा मोठा. त्याची युक्ती मला फार आवडली. पहिल्या वेळी तो सगळं उतरवून घेतो. पुढच्या वेळी फक्त बदललेल्या आणि नव्या फाईली उतरवतो. पण प्रत्येक तारखेचा वेगळा कप्पा करतो आणि त्या कप्प्यात पाहिलं तर सगळंच दिसतं! न बदललेली फाईल तो पुन्हा लिहीत नाही, जुन्याच फाईलीला नव्या कप्प्यातून एक दार पाडतो. त्यामुळे जागा थोडी लागते. आठवड्याला आपलं दोन गीगाबाईटच्या आसपास बदलतं, म्हणून जुन्या तारखा पुसायची घाई नाही.

दुसरी डिस्क कोठे ठेवायची यावर मात्र बराच वाद झाला. आधी ठरलं ग्रामपंचायतीत. पण पंचायतीचं कार्यालय आपल्या शाळेच्या भिंतीला भिंत लावून आहे, एक जळालं की दुसरं जळणार. मग कोणी म्हणालं गुरुजींच्या घरी. गुरुजींनीच नको म्हणून सांगितलं. त्या डिस्कवर तुमच्या आमच्या जन्मतारखा आहेत, आधार क्रमांक आहेत, आईवडिलांची नावं आहेत. ते कोणाच्या घरी का असावं? शेवटी केंद्रशाळेच्या मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटात ठेवायचं ठरलं. ती चार किलोमीटर लांब आहे आणि टेकडीच्या पलीकडे. डिस्क नेताना वाटेत पडली आणि कोणाला सापडली तरी वाचता येऊ नये म्हणून ती सगळीच संकेतशब्दाने कुलूपबंद केली आहे. आणि तो संकेतशब्द गुरुजी विसरले तर? किंवा त्यांची बदली झाली तर? म्हणून तो कागदावर लिहून लाखेने बंद केलेल्या पाकिटात मुख्याध्यापकबाईंच्या कपाटात आहे. पालकहो, हे पाकीट कोणी उघडलं तर लाख मोडते, म्हणजे कळतं. ही कल्पना माझी आहे.

एवढं झाल्यावर आम्हाला वाटलं की झालं. गुरुजी म्हणाले, नाही झालं. आणि त्यांनी टॉय स्टोरीची गोष्ट सांगितली. त्या सिनेमाचा दुसरा भाग अमेरिकेत पिक्सार कंपनीत तयार होत होता, तेव्हा १९९८ साली कोणीतरी चुकून पुसण्याची आज्ञा दिली आणि पडद्यावर बघता बघता सिनेमा नाहीसा व्हायला लागला. त्यांच्याकडे राखीव प्रती होत्या, टेपवर. काढून पाहिल्या तर त्या नीट होतच नव्हत्या आणि कोणाला पत्ता नव्हता! गॅलिन सुसमन नावाच्या बाई घरी लहान बाळ असल्यामुळे घरून काम करत, त्यांच्या घरच्या संगणकात एक प्रत निघाली. तो संगणक गाडीत घोंगडीत गुंडाळून आणला म्हणतात. (पुढे कंपनीने त्या सिनेमाचा पुष्कळसा भाग पुन्हा नव्याने केला, हे गुरुजींनी नंतर हळूच सांगितलं.)

म्हणून आम्ही परीक्षा घेतली. अ डिस्कवरून एका रिकाम्या संगणकावर सगळं परत उतरवलं आणि यादी घेऊन एकेक फाईल उघडत बसलो. चित्रं आली, निकालपत्रक आलं, सहल आली. स्नेहसंमेलनाची नाटिका मात्र आलीच नाही. शोधता शोधता कळलं की ती सर्व्हरवर कधी नव्हतीच. चौथ्या संगणकावर समोरच पडद्यावर ठेवलेली होती. आम्ही कपाटाची प्रत करत होतो आणि नाटिका टेबलावर होती! त्या दिवसापासून संगणक खोलीच्या दारावर पाटी लावली आहे: काम झाले की सर्व्हरच्या कप्प्यात ठेवा. पाचवीची मुलं अजूनही ऐकत नाहीत. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आता आम्ही चिठ्ठ्या टाकून दहा फाईली निवडतो आणि त्या डिस्कवरून परत येतात का ते पाहतो. तारीख आणि सही वहीत होते. वही संगणकात नाही, कागदाची आहे.

आता ओव्यांविषयी. गुरुजींनी सांगितलं की पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या मुळशीच्या आणि इतर भागांतल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. लाखाहून अधिक! आधी हाताने लिहिल्या, काही टेपवर घेतल्या, मग संगणकात गेल्या, आणि २०१७ सालापासून पारी या संस्थेने त्या इंटरनेटवर सर्वांसाठी लावायला सुरुवात केली. कागद, टेप, संगणक, अशा ठिकठिकाणी असल्यामुळे त्या आज ऐकता येतात. माझ्या मनात आलं की आमच्या एक्केचाळीस नुसत्या एका वहीत जरी लिहून ठेवल्या असत्या तरी शब्द तरी उरले असते.

आम्ही पुन्हा घरोघर गेलो. मी प्रत्येक आजीला स्वतः सांगितलं की माझ्या हातून पुसल्या. एक आजी म्हणाल्या, "आरं, गळा हाय अजून, मशीन गेलं तर गेलं." आठ आज्यांनी पुन्हा म्हटल्या. या वेळी चौतीस झाल्या. त्या सर्व्हरवर आहेत, अ वर आहेत, ब वर आहेत, वहीत लिहिलेल्या आहेत, आणि आज्यांना विचारून क्लाउडवरही ठेवल्या आहेत. त्या सगळ्या मिळून अर्धा गीगाबाईटसुद्धा होत नाहीत, तेवढ्याला आपलं नेट पुरतं. रजिस्टरं आणि आधार मात्र क्लाउडवर नाहीत.

नववी आजी वरच्या आळीतली, जिच्यासाठी आम्ही जातं खाली काढलं होतं. ती दिवाळीतच वारली. मी पुसलं ते त्यानंतर. तिच्या घरी मी सांगायला गेलो तेव्हा तिच्या सूनबाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी चहा दिला. मग त्यांनी मोबाईल काढला. जातं खाली काढताना गंमत म्हणून त्यांनी थोडं चित्रीकरण केलं होतं. त्यात आम्ही पोरं ओरडतोय, धूळ उडतेय आणि शेवटी आजी एक ओवी म्हणते. तेवढी एकच.

तिने त्या दिवशी सहा म्हटल्या होत्या. पालकहो, त्या दिवशी अंगणात बरीच मंडळी जमली होती आणि पुष्कळांच्या हातात मोबाईल होते. कोणाच्या जुन्या मोबाईलमध्ये, बिघडलेल्या असला तरी, त्या दिवसाचं काही असेल तर कृपा करून सातवीच्या वर्गात आणून द्यावं. येत्या शनिवारी दुपारी बारा वाजता ब डिस्क लावायची आहे.